ऑफिसच्या नळाखाली भिजलेला टॉवेल

माझ्याकडे पाहून कुणी नाक मुरडलं तर मला राग येत नाही, मित्रांनो. मी एक जुना, विटका टॉवेल आहे. माझ्या कडेचे निळे पट्टे आता ओळखूही येत नाहीत आणि दोन कोपऱ्यांचे दोरे सुटले आहेत. पण झिजण्याचं मला दुःख नाही. झिजणं हा आमचा धर्मच आहे. माझं दुःख वेगळं आहे.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या मागावर झाला. विणकराचा हात चांगला, म्हणून मी पाणी पटकन पितो. मला विकत घेतलं एका शाळेच्या मुख्याध्यापिकेनं. तिची मुलगी तिला आई म्हणते आणि तिच्या नवऱ्याला बाबा, म्हणून मीही तसंच म्हणतो.

बाबा इमारतींचे नकाशे काढायचे. रात्र नाही, सुट्टी नाही, सारखं काम. रक्तदाब इतका वाढला की एकदा ते टेबलावरच कोसळले. ते दवाखान्यातून घरी आले आणि आईनं आपली शाळा सोडली. सगळा संसार बांधून तिघं या समुद्रकाठच्या लहानशा शहरात आली. इथे आईला अर्ध्या दिवसाची शिक्षिकेची नोकरी मिळाली. तिनं कुरकुर केली नाही. मला बाबांच्या पिशवीत ठेवताना एवढंच म्हणाली, "रोज साडेपाचला काम बंद, आणि अर्धा तास समुद्रात. हा एक नेम पाळ. बाकी मी काही मागत नाही."

"तुझी शपथ," बाबा म्हणाले.

दोन वर्षं नेम चुकला नाही. धक्क्यामागच्या गल्लीत त्यांचं ऑफिस होतं, आणि दारामागची खुंटी ही माझी जागा. साडेपाचला बाबा मला खांद्यावर टाकत, की समोरच्या टेबलावरच्या काकू पेनाला टोपण लावत. "टॉवेल उतरला, आवरा सगळे," त्या म्हणत. "या टॉवेलच्या कृपेनं माझा नवरा मला ओळखायला लागलाय." अख्खं ऑफिस हसायचं. मला किती मोठं झाल्यासारखं वाटे म्हणून सांगू!

बाबा पाण्यातून निघायचे तेव्हा दात वाजत असायचे आणि चेहरा हसरा असायचा. घरी मी गच्चीतल्या दोरीवर जाई. मला धुवायचे फक्त रविवारी. इतर दिवशी खाऱ्या पाण्यानं वाळून मी पुठ्ठ्यासारखा ताठ होई. मग सकाळी मुलगी मला भिंतीला टेकवून उभा करी आणि ओरडे, "आई, टॉवेल शाळेला निघाला!"

मग नव्या बाजाराच्या इमारतीचं मोठं काम आलं. पहिल्या दिवशी साडेपाच वाजले, सहा वाजले, मी खुंटीवरच. सातला बाबांनी घड्याळ पाहिलं आणि मला बेसिनपाशी नेलं. मला वाटलं, आज धुणार वाटतं. त्यांनी नळ सोडला, मला भिजवलं, अर्धवट पिळलं. ओंजळभर पाणी स्वतःच्या केसांवर मारून वर कंगवा फिरवला.

"आज उशीर?" घरी आईनं विचारलं.

"पाणी इतकं छान होतं, निघवेना."

मी दोरीवर ठिबकत होतो. मला तोंड नाही, मित्रांनो, तरी माझ्याकडून खोटं वदवून घेतलं. ज्या हातांनी मला दोन वर्षं लाटांपाशी नेलं, त्याच हातांनी. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात जरा थबकले. तिसऱ्या दिवशी थबकलेही नाहीत. असे तीन आठवडे गेले. काकूंनी एकदा मला बेसिनमध्ये पाहिलं आणि मान वळवून परत कामाला लागल्या. टोपण लावायचं त्यांनीही सोडून दिलं होतं.

एका सकाळी मुलगी म्हणाली, "आई, टॉवेल आजारी पडलाय. कधीपासून उभाच राहत नाही."

आई आली. तिनं मला चाचपलं. मग माझा कोपरा जिभेला लावला. माझ्यात मिठाचा कणही नव्हता. मग नेहमीसारखी घडी घालून तिनं मला पिशवीत ठेवलं.

त्या संध्याकाळी मी पुन्हा ओलाचिंब घरी आलो.

"लाटा होत्या?" आईनं विचारलं.

"होत्या थोड्या."

"ऑफिसच्या नळाला लाटा येतात होय? मला माहीत नव्हतं."

बाबा खुर्चीत बसले. "अगं, दिवसच असे आहेत. एवढं काम उरकलं की—"

"काम आहे म्हणाला असतास तर मी भांडले असते, आणि मग डबाही पाठवला असता," आई हळू आवाजात म्हणाली. "टॉवेल कशाला भिजवलास?"

याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाबा साडेपाचला कामावरून उठू लागले. खरंच पोहू लागले. एकदा म्हणाले, "चल ना, काठावर बस. तूच बघ."

"पहारा द्यायला नाही आले मी या गावात," आई म्हणाली.

पुढच्या महिन्यापासून तिनं शाळेत संध्याकाळचे वर्ग घ्यायला सुरुवात केली. मुलगीही तिच्याबरोबर तिथेच थांबते. आता बाबा स्वतः कुलूप उघडतात, मला दोरीवर टाकतात आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटेच चहा पितात. माझ्या धाग्याधाग्यात खरं मीठ असतं, पण ते कुणाला दाखवायचं?

मित्रांनो, घेतलेला नेम एखाद्या दिवशी मोडला तर मोडला म्हणून सांगा. घरचं माणूस रागावेल, रागावू द्या. आणि मला दगडावर आपटा, फाडून फरशी पुसायला घ्या, मी आनंदानं पुसेन. खोटं लपवायला मात्र मला पुन्हा नळाखाली धरू नका.