गोड्या पाण्यातला पहारा

मित्रांनो, मी एक जुना ड्रोन आहे, पण आकाशात उडणारा नव्हे. मी पाण्याखालचा. तुमच्यापैकी काहींनी मला पाहिले असेल, पण ओळखले नसेल. माझा पिवळा रंग उन्हाने उडाला आहे, पोटाला शेवाळ धरले आहे, आणि खरे सांगायचे तर मी थकलो आहे. थकलेल्याने थोडक्यात बोलावे हे मला कळते. पण माझी वाट समुद्रापासून तलावापर्यंतची आहे, तेव्हा जरा धीर धरा.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका मोठ्या शेडमध्ये झाला. सरकारने काही मित्रदेशांशी संरक्षणाचा करार केला होता. नव्या पाणबुड्या मिळून बांधायच्या, त्यांच्यासोबत माणसाशिवाय फिरणारे ड्रोन तयार करायचे, खर्च वाटून घ्यायचा आणि ज्ञानही वाटून घ्यायचे, असे ठरले होते. त्यामुळे माझे शरीरही वाटणीचेच होते. कान एका देशाचे, बॅटरी दुसऱ्या देशाची, कवच आणि पंखा आपला. कानांचे बॅटरीशी पटेपर्यंत वर्ष गेले. रोज मला उघडत, रोज बंद करत. जन्मायच्या आधीच दमून जावे, तसे माझे झाले.

पाण्याखाली प्रकाश फार लांब जात नाही. रेडिओच्या लहरी तर जवळजवळ जातच नाहीत. आवाज मात्र लांबवर जातो. म्हणून आम्हा पाण्याखालच्यांना कान हेच डोळे. मी टिक् असा आवाज करायचो, तो कशावर तरी आपटून परत यायचा, आणि समोर काय आहे ते मला कळायचे. पुढे मोठ्या पाणबुडीच्या पुढे पुढे जाऊन पहारा करायचा, हे माझे काम ठरले होते.

पण समुद्रात लाटा असतात, जहाजांचा गोंगाट असतो. चूक झाली तर ती माझी की समुद्राची, हे सांगता येत नाही. त्यासाठी आधी शांत पाण्यात शिकणे भाग होते. आमच्या गटातली स्नेहल ही तरुण शास्त्रज्ञ मूळची गोंदियाजवळच्या मुर्रीची. तिने तिकडच्या इटियाडोह धरणाच्या तलावाचे नाव सुचवले. ट्रकमधून सौंदडच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, मागे टाकत मी धरणावर पोहोचलो. स्नेहलने उतरताच आईला फोन लावला. "जय भीम, आई. पोचले. हो, जेवले. नाही, डब्यात काही नाही ठेवलं."

पहिल्याच दिवशी मी दगडासारखा बुडालो.

"अरे, डूब गया!" आमच्या छावणीचे प्रमुख हेमेंद्र साहेब ओरडले. ते गोंदिया शहरातले. त्यांच्या तोंडात हिंदी आणि मराठी कायम एकत्र नांदायची.

काठावर मासेमार ढीवर समाजातल्या काही बायका उभ्या होत्या. त्यांतल्या एकीने पदर तोंडाला लावला. "पाहा व, सरकारचं भांडं बुडालं! पाण्यात पैसा टाकते म्हनत, ते हेच होय."

त्या अनुसयाबाई. इथल्या मासेमारी करणाऱ्या बायकांच्या गटाच्या प्रमुख.

स्नेहल हसली. तिने मला आधीच दोर बांधून ठेवला होता. मला वर ओढत ती म्हणाली, "हा खाऱ्या पाण्यासाठी बेतलेला आहे, मावशी. मिठामुळे समुद्राचं पाणी जड असतं, ते याला उचलून धरतं. गोडं पाणी तेवढं उचलत नाही." तिने माझ्या पोटातले शिशाचे दोन तुकडे काढले. मग मी पाण्यात नीट राहिलो, ना वर ना खाली.

"आमच्या तलावात दुश्मन येते का, बाई?" अनुसयाबाईंनी विचारले. "मंग याले इथं कायले आनलं?"

"दुश्मन समुद्रात, मावशी. इथं फक्त शिकवणी."

"म्हनजे नापास पोरगा होय हा!" बायका खो खो हसल्या. मला हसता येत नाही, पण तो दिवस मला आठवतो.

मग महिनोन्‌महिने शिकवणी चालली. पाण्यात बांबूंच्या दोन ओळी रोवायच्या, वर फडकी बांधायची, आणि मी पाण्याखालून त्या दोन ओळींच्या मधून सरळ जायचे. वळलो तर परत. हळू गेलो तर परत. पंखा गरम व्हायचा, बॅटरी उतरायची, ती भरून पुन्हा पाण्यात. सरळ जाणे ही सर्वांत कंटाळवाणी विद्या आहे, मित्रांनो. ती ज्याने शिकली, त्यालाच विचारा.

पावसाळा अर्धा सरला होता. मित्रदेशांचे पाहुणे चाचणी पाहायला दुसऱ्या दिवशी येणार होते. ओळ लांब करायची होती. बांबू रोवण्याचे काम लोकेश नावाच्या मजुराकडे होते. तो गोंदियाहून आला होता, या पाण्याला नवा होता. त्याला काठाजवळच्या उथळ पाण्यात आधीच रोवलेले बांबू दिसले. त्यांनाही फडकी होती. त्याला वाटले, कोणीतरी निम्मे काम करून ठेवले आहे. त्याने आपली ओळ त्या बांबूंना नेऊन जोडली.

ते बांबू अनुसयाबाईंच्या गटाचे होते. त्या भागात बायकांनी दोन वर्षे खपून पाण्याखालचे गवत लावले होते. तलावातून ते नाहीसे झाले, तसे जुने मासेही कमी झाले होते. गवत आले की मासे अंडी घालायला येतात. फडक्याचा बांबू म्हणजे इथे जाळे टाकू नका, अशी खूण. काठावरच्या सगळ्या होड्यांना ती ठाऊक होती. आम्हाला नव्हती. बायका तेव्हा धानाच्या रोवणीला, म्हणजे लावणीला, गेल्या होत्या, त्यामुळे सांगायलाही कोणी नव्हते.

सरावासाठी पाण्यात सोडल्यावर मला बांबू दिसले. मी शिकवल्याप्रमाणे दोन ओळींच्या मधून सरळ गेलो, थेट गवतात. पंख्याला गवताच्या दोऱ्या गुंडाळल्या आणि पंखा थांबला. पंखा थांबला की पोटातले एक वजन सोडून मी आपोआप वर यावे अशी माझी रचना आहे, पण गवताने मला घट्ट धरून ठेवले होते. माझा दिवा चालू होता, डोळा चालू होता, आणि मी अधूनमधून टिक् करत होतो.

तेव्हा मला ती दिसली. काळसर, जाड, सापासारख्या तोंडाची मरळ मासळी. तिच्याभोवती लालसर पिल्लांचा ढग होता, गव्हाच्या दाण्याहून बारीक पिल्ले. तिने माझ्याकडे पाहिले आणि येऊन डोळ्यावर धडक दिली. परत मागे गेली. परत धडक. मी तिच्यापेक्षा कितीतरी मोठा. पण ती हटली नाही. मला पहाऱ्यासाठी तीन देशांनी मिळून घडवले होते. तिच्याशी कोणी करार केला नव्हता.

वर गोंधळ उडाला होता. त्यांचे बोलणे पाण्यातून मला ऐकू येत होते; बाकीचे नंतर कानावर आले.

"लोखंडी आकडे आणा," हेमेंद्र साहेब म्हणत होते. "मोटरबोटीला बांधून खेचा. पूरा गवत निकल गया तरी चालेल. कल पाहुणे येणार, आणि ड्रोनच नाही? मी तोंड काय दाखवू?"

एवढ्यात अनुसयाबाई आल्या. रोवणीवरून थेट आल्या होत्या. पायांना पोटऱ्यांपर्यंत चिखल. मागे चार बायका.

"साहेब, आकडा नोका टाकू," त्या म्हणाल्या. "आता पोरं निंगायचे दिस आहेत मरळीचे. गवत उपटलं तं सारंच उपटलं. दोन साल झाले आमी हे लावून राहिलो, अन् तुमी एका घंट्यात काढून राहिले?"

"अरे बाई, ते तीन देशांचं मशीन आहे! गवत पुन्हा लावता येतं."

"मशीन बी पुन्हा करता येते, साहेब. तुमचं तं कारखानाच आहे."

लोकेश मान खाली घालून उभा होता. "मी समजलो आपलेच बांबू होय," तो पुटपुटला.

स्नेहलने कानाला यंत्र लावले होते. "थांबा," ती म्हणाली. "तो बोलतोय. टिक् टिक् करतोय. तो इथेच आहे, एवढ्या एका अंगणाएवढ्या जागेत. याच्या पुढे मला नाही सांगता येत, गवतात आवाज फुटतो. सर, आकडे नकोत. हातांनी शोधू. अंधार पडायच्या आत नाही सापडला, तर आकडे टाका. मी नाही म्हणणार नाही."

ती काय पणाला लावत होती, हे तिच्या आवाजावरून कळत होते. मी सापडलो नसतो, तर पाहुण्यांसमोर तिचेही काम बुडाले असते आणि बायकांचे गवतही.

"बाहेरच्या कोणी त्याला हात लावायचा नाही, नियम आहे," साहेब म्हणाले.

"हात नाई लावत, साहेब," अनुसयाबाई म्हणाल्या. "पाय लावतो."

कोणीतरी फसकन हसले. बहुधा साहेबच. ते काठावरच्या दगडावर बसले. "लावा. जो करना है करो, पर संध्याकाळपर्यंत."

स्नेहलने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तीही पाण्यात उतरली. बायका रोवणीला धरतात तशी ओळ धरून उभ्या राहिल्या. फरक एवढाच, की रोवणीत पाय मागे जातात, इथे पुढे येत होते. पाऊल उचलायचे, गवताच्या मधून गाळात सोडायचे, बोटांनी चाचपायचे, आणि मगच वजन टाकायचे. गवत मोडू द्यायचे नाही. स्नेहल मध्ये उभी राहून ऐकत होती. "डावीकडे, मावशी. आता सरळ."

"पाय घसरून राहिला तुझा, पोरी. अंगठा रोव. मुर्रीची होय ना तू? का शहरात जाऊन विसरली?"

"विसरले थोडं."

"थोडंच विसरली, बरं झालं."

पाणी गढूळ झाले आणि मला काही दिसेनासे झाले. बॅटरी संपत आली होती. टिक् करायलाही जोर येत नव्हता. मग माझ्या पाठीला काहीतरी मऊ लागले. एक पाऊल. ते थबकले, चाचपले, आणि लगेच उचलले गेले.

"सापडला व, माय!" अनुसयाबाई ओरडल्या. मग त्यांनी वाकून मला बोटांनी स्पर्श केला आणि ती ओली बोटे कपाळाला लावली. पाय लागला ना, म्हणून. हात लावायचा नाही हा नियम तेवढ्यापुरता मोडला. मित्रांनो, पुढे माझे पुष्कळ कौतुक झाले, पण असा मान मला पुन्हा मिळाला नाही.

स्नेहलने विळ्याने फक्त पंख्याला गुंडाळलेल्या दोऱ्या कापल्या. बाकीचे गवत जागच्या जागी राहिले.

काठावर तिने माझ्या डोळ्याने टिपलेले चित्र पडद्यावर लावले. मरळ येत होती, धडकत होती, मागे जात होती, आणि लाल ढग तिच्याबरोबर हलत होता. बायका पदराने हात पुसत पाहत होत्या. दोन वर्षे त्यांनी जे लावले होते, ते आत कसे दिसते हे त्यांनी पहिल्यांदा पाहिले.

"पाहा व, कशी मारून राहिली याले," अनुसयाबाई हळूच म्हणाल्या. "मायच होय ते."

हेमेंद्र साहेब बराच वेळ पाहत राहिले. मग उठले. "लोकेश, अपने बांबू उखाड. उनके रहने दे. उद्याची ओळ खोल पाण्यात."

दुसऱ्या दिवशी मी खोल पाण्यात सरळ गेलो. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी नारळ फोडला, माझ्या कपाळाला कुंकू लावले. वर्तमानपत्रात बातमी आली. तिच्यात एका नव्या पाणबुडीचे मोठे चित्र होते. माझे नव्हते.

त्यानंतर माझे दिवस भराभर संपले. कराराचा पुढचा टप्पा सुरू झाला. आता माझ्याहून मोठे, खोल जाणारे ड्रोन येणार होते आणि ते थेट समुद्रातच शिकणार होते. माझी बॅटरी बनवणे त्या देशाने बंद केले. छावणी उठली. मी ताडपत्रीखाली पडून राहिलो. उंदरांनी माझ्या तारा कुरतडल्या. ज्यांनी मला रोज उघडले होते, ते नव्या ड्रोनांकडे गेले. मी त्यांना दोष देत नाही. पण उपयोग संपल्यावर इतकी शांतता पसरते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

स्नेहलचीही बदली समुद्रावर झाली. जायच्या आधी ती आली. नियमाप्रमाणे तिने माझे कान काढले, डोळा काढला, बॅटरी काढली. उरले कवच. ते भंगारात जाणार होते.

"सर, हे गटाला देऊ?" तिने विचारले.

"खाली डबा है," साहेब म्हणाले. सही करताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "दे दो. बांबू तरी सडतात बिचाऱ्यांचे."

गवताची खूण म्हणून मला मागण्याचे तेच कारण होते. बांबू दर पावसाळ्यात कुजायचे, फडकी फाटायची. माझे कवच कुजत नाही. पण रिकामा मी पाण्यावर फार उंच तरंगू लागलो, वाऱ्याने गडगडू लागलो. स्नेहलने सांगितले तसे अनुसयाबाईंनी माझ्या पोटात रेती भरली, थोडी थोडी, मी सरळ उभा राहीपर्यंत. मग नायलॉनच्या दोराने मला गवताच्या कडेला बांधले.

तेव्हापासून मी इथे आहे. पाण्याखाली लपून राहण्यासाठी मला घडवले होते. आता मी पाण्यावर राहतो, सगळ्यांना दिसावे म्हणून. माझे कान नाहीत, डोळा नाही. पण पावसाळ्यात कधी कधी माझ्या पोटाला खालून एक धडक बसते. मी ओळखतो.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. माझा रंग उडाला आहे, तो तुम्ही नाही दिला तरी चालेल. शेवाळही राहू द्या. पण माझा दोर झिजला आहे. मी सुटून वाहून गेलो, तर माझे फारसे काही बिघडणार नाही, मी कुठेतरी काठाला लागेन. पण जिथे लागेन, तिथे लोकांना वाटेल की मरळीचे घर इथे आहे. आणि जिथे खरे घर आहे, तिथे जाळे पडेल.

म्हणून होडीतून जाता-येता एकदा दोर ओढून पाहा. घट्ट असेल, तर होडी वळवा आणि पुढे जा.