टेकडीच्या बसबद्दल एक हरकत

सुनावणी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होती, आणि नियोजन अधिकारी त्या दिवशी खुशीत होता. आराखड्यावर त्याने दोन-अडीच वर्षं घालवली होती. भिंतीला टेकवलेल्या फळ्यांवर नकाशे लागले होते. नव्या जलद बसमार्गाची रेघ हिरवी आणि चांगली जाड, चालू राहणारे मार्ग निळे, बंद होणारे लाल. वरून पैसे मिळणार होते, पण एका अटीवर : आपला वाटा आधी आपण उभा करायचा. आणि वाटा उभा करायचा तर रिकाम्या धावणाऱ्या गाड्या थांबवायच्या. त्याच्या दृष्टीने यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. ऑफिसात त्याला पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत, ते काही उगाच नाही.

समितीच्या अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांच्यापुढे एक छोटी घंटी असे. प्रत्येकाला तीन मिनिटं. तेवढ्या वेळात बोलणाऱ्याला कोणी अडवायचं नाही, अधिकाऱ्याने तर नाहीच नाही. हा नियम बाहेर दारावरसुद्धा मोठ्या अक्षरांत चिकटवला होता.

एका दुकानदाराने दुकानासमोरच्या पार्किंगचं रडगाणं गायलं. मांडीवर बाळ घेतलेल्या एका बाईने थांब्यावर बाबागाडीसाठी उतार मागितला. प्रत्येक सुनावणीला हजेरी लावणारे एक काका विषय सोडून सगळ्यावर बोलले आणि चहा कधी येणार ते विचारून खाली बसले. अधिकारी मान खाली घालून टिपणं काढत होता.

"पुढचे कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मागून चपलांचा आवाज आला. अधिकाऱ्याने वर पाहिलं. माईकपाशी त्याची आई उभी होती.

पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण घराची किल्ली विसरलो. मग वाटलं, घरी काहीतरी झालं.

"आई! काय झालं?"

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. "या तुमच्या आई का? मग तशी नोंद करून घेऊ. पण हरकत घ्यायचा हक्क त्यांनाही आहे. बोला बाई."

आईने माईक खाली ओढायचा प्रयत्न केला. तो किंचाळला, तशी ती दचकली आणि त्याच्यापासून हातभर लांब उभी राहून बोलू लागली.

"मी टेकडीच्या बसबद्दल सांगायला आले. माझ्या मुलाने लिहिलंय की ती रिकामी जाते. ते खरं आहे. मीच जाते ना त्या बसने. रविवारी आम्ही तिघी-चौघी असतो. एकदा तर मी आणि ड्रायव्हर, बस्स."

"तू टेकडीवर कशाला जातेस?" अधिकारी बोलून गेला.

घंटी वाजली. "साहेब, मधे बोलायचं नाही. वेळ त्यांचा आहे."

"टेकडीवर ती संस्था आहे," आई म्हणाली. "ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही, त्यांना ठेवतात ती. तिथे माझा मुलगा असतो."

चहावाले काका मागून मोठ्याने म्हणाले, "अहो, तुमचा मुलगा तर हा समोर बसलाय!"

"हा धाकटा. मी थोरल्याचं सांगतेय."

अधिकाऱ्याच्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळत खाली पडलं. ते उचलायला कोणी वाकलं नाही. सगळे आधी आईकडे, मग त्याच्याकडे बघत होते, आणि तो असा बसला होता की जणू बोलणं दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं आहे. तो एकुलता एक होता. शाळेत, ऑफिसात, लग्न जमवताना त्याने आयुष्यभर हेच सांगितलं होतं. भावंडं किती? कोणी नाही. आई दर रविवारी मैत्रिणीकडे पत्ते खेळायला जायची. संध्याकाळी तो विचारायचा, "जिंकलीस का?" आणि ती म्हणायची, "आज हरले रे."

"तो चार वर्षांचा होता, तेव्हा ताप डोक्यात गेला," आई सांगत होती. "जगला, पण पुढे काही त्याची वाढ झाली नाही. हा तेव्हा माझ्या पोटात होता. याचे वडील म्हणाले, त्याला तिकडे ठेवू आणि या बाळाला कळू द्यायचं नाही, उगाच त्याच्या जन्माला घोर नको. मी हो म्हटलं. पुढे वडील गेले. मला वाटलं, आता सांगावं. पण खोटं एकदा घरात राहायला आलं, की त्याचंही रोज ताट वाढावं लागतं. सवय होते."

ती थांबली, घोटभर पाणी प्याली.

"तुम्ही म्हणाल, हे घरी का नाही सांगितलं. घरी मी तोंड उघडलं की याचा फोन वाजतो. खाली दारावर वाचलं, इथे मधे कोणी बोलत नाही म्हणून. माझी हरकत एवढीच आहे. मला आता तो चढ चढवत नाही, आणि टॅक्सीवाले तिकडे यायला तयार नसतात. बस बंद केली तर मला जाता येणार नाही. त्याला बाकी फारसं कळत नाही हो. पण वाट बघायचं कळतं." तिने पिशवी उचलली. "झालं माझं."

अध्यक्षबाईंचा हात घंटीवर होता, पण घंटी वाजवायची वेळच आली नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि अधिकाऱ्याला हळूच म्हणाल्या, "या मार्गाचा निर्णय होईल तेव्हा तुम्हाला बाहेर बसावं लागेल. समजलं ना?"

"हो," तो म्हणाला. त्याला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

मग पुढचा माणूस उठला आणि थांब्यावर झोपणाऱ्या कुत्र्यांबद्दल बोलला. जग असं असतं. अधिकारी शेवटपर्यंत बसून राहिला. नंतर टिपणं पाहिली, तर आईच्या बोलण्यानंतरचं एकही अक्षर त्याला लागत नव्हतं.

आई त्याच्याच गाडीतून घरी निघाली. एका सिग्नलला त्याने विचारलं, "दिसतो कसा?"

"तुझ्या वडिलांसारखा. तू माझ्यावर गेलास."

मागची गाडी भोंगा वाजवायला लागली, तेव्हा त्याला दिवा हिरवा झाल्याचं कळलं.

दार बायकोने उघडलं. दोघांचे चेहरे बघून ती आईला म्हणाली, "सांगितलंत?"

अधिकारी उंबऱ्यातच थांबला. "तुला माहीत होतं?"

"मागच्या वर्षी आईंचा पाय मुरगळला ना, तेव्हा मला जावं लागलं. त्यांच्याऐवजी." ती खाली बघत म्हणाली. "सांगणार होते. पण आई म्हणाल्या, मीच सांगेन."

"म्हणजे या घरात मी एकटाच..."

"ओरडायचं असेल तर आत येऊन ओरड," आई म्हणाली. "जिन्यात नको."

तो ओरडला नाही. ओरडायला राग तरी यायला हवा होता. जेवताना त्याने भाजी दोनदा वाढून घेतली आणि एकदाही खाल्ली नाही. वडिलांच्या फोटोकडे बघून तो म्हणाला, "हा माणूस मला सायकल शिकवत होता, पाठीमागून धावत होता. आणि तेव्हा माझा भाऊ तिकडे होता?"

रविवारी तो आईबरोबर टेकडीच्या बसने निघाला. त्या मार्गाचे आकडे त्याला तोंडपाठ होते, पण त्या बसमध्ये तो कधी बसला नव्हता. पायऱ्या इतक्या उंच होत्या की आईला दांड्याला धरून स्वतःला वर ओढावं लागलं. ड्रायव्हर तिच्यासाठी इंजिन बंद करून थांबला. आत खरोखरच चार माणसं होती, आणि ती सगळी एकमेकांना ओळखत होती.

संस्थेच्या दारातली सेविका त्याला बघून एकदम उभी राहिली. "अगंबाई, धाकटे आले! आले एकदाचे!"

"तुम्ही मला ओळखता?"

"न ओळखून कसं चालेल? आई दादांना सारखं तुमचंच सांगत असतात. शाळेत पहिले आलात ते, लग्न झालं ते, सगळं माहितीय आम्हाला."

व्हरांड्यात बाकावर एक पोक्त माणूस बसला होता. केस पांढरे, हनुवटी थेट वडिलांची. अंगात अधिकाऱ्याचाच निळा शर्ट होता. खिशापाशी शाईचा डाग पडला म्हणून तो त्याने टाकून द्यायला सांगितला होता.

"हा बघ कोण आलाय," आई म्हणाली.

थोरल्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग बोट करून बाहेर उभी असलेली बस दाखवली. "भावाची," तो म्हणाला. "बस भावाची."

"मीच त्याला सांगितलं होतं," आई पुटपुटली. "तुझा भाऊ बस पाठवतो, म्हणून मी येते."

अधिकारी त्याच्याशेजारी बसला. थोरल्याने त्याचा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला, आणि बस निघायची वेळ होईपर्यंत तो तसाच ठेवला.

निर्णयाच्या दिवशी अधिकारी बाहेर पॅसेजमधल्या खुर्चीवर बसून राहिला. आत समितीने त्याचेच आकडे वाचले. आकडे बरोबर होते. टेकडीची बस बंद झाली. मात्र आईची हरकत नोंदीत होती, त्या जोरावर अध्यक्षबाईंनी दर रविवारी एक छोटी व्हॅन मंजूर करून घेतली. आदल्या दिवशी फोन करून जागा सांगायची, आणि वर्षभराने पुन्हा विचार करायचा.

"अर्धी भाकरी तर अर्धी," आई म्हणाली.

अधिकाऱ्याला मात्र तोंड दाखवायची लाज वाटत होती. व्हॅनच्या पहिल्या रविवारी तो मुद्दाम सगळ्यांच्या मागून उतरला. मोठ्या बसऐवजी ही पांढरी डबी बघून थोरला बिथरेल, अशी त्याला धास्ती होती. सेविकाही तयारीत उभी होती.

थोरला बाकावरून उठला. फाटकातून बाहेर आला. व्हॅनची पायरी जेमतेम वीतभर उंच होती. त्याने पाय उचलला आणि कोणाला न विचारता आत जाऊन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला.

"साहेब, नियमात बसत नाही हे," ड्रायव्हर म्हणाला. "नोंद नाही त्यांची."

"माझ्या नावावर न्या त्यांना," अधिकारी म्हणाला. "मी राहतो इथे. चढावरून खाली जा आणि परत या."

"दादांच्या जोडीला मी बसते," म्हणत सेविका आत चढली. ड्रायव्हरने मान हलवली आणि गाडी सुरू केली. थोरल्याने पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरला. गाडी हलली तशी त्याने इतकी मोठी आरोळी ठोकली की झाडावरचे कावळे उडाले. ती भीतीची होती की आनंदाची, ते कोणालाच कळलं नाही. वळणापलीकडे गाडी दिसेनाशी झाली तरी आवाज येतच होता.

आई फाटकाला धरून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं आई? बरं वाटत नाही का?"

"इतकी वर्षं," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी बसने येत होते रे. त्याला कधी बसवावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही."