झोपण्याआधीचे चार अंश

"बंद करून चालू करायचा, त्यात काय एवढं?" साहेब म्हणाले. बोलायला यांच्या बापाचं काय जातं! हॉस्पिटलच्या त्या एका कॉम्प्युटरच्या पोटात पाच आभासी कॉम्प्युटर चालायचे. त्यातला एक रक्तपेढीच्या फ्रिजवर नजर ठेवायचा आणि गारवा कमी झाला की बोंब मारायचा. अपडेटसाठी मोठा रीबूट करायचा म्हणजे आधी आतल्या पाचांना आहेत तसे झोपवायचे, मग तसेच उठवायचे. मी जीव मुठीत धरून बटण दाबलं.

अपडेट संपता संपेना. शेवटी एकेक करत चौघे उठले. पाचवा, फ्रिजवाला, मात्र उठेना. मग तोही उठला. पडद्यावर चार अंश, हिरवा दिवा.

"बघ, उगाच घाबरत होतीस," साहेब म्हणाले. माझाही जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात आकड्याखालची बारीक वेळ दिसली. ती झोपण्याआधीची होती. उठल्यावर या शहाण्याने फ्रिजला विचारलंच नव्हतं. झोपताना पाहिलेलं तेच सांगत बसला होता.

मी धडाधड जिने उतरले. रक्तपेढीत कुणीच नव्हतं. फ्रिजचं दार सताड उघडं होतं, आणि वर साहेब त्या हिरव्या दिव्यासमोर निवांत बसले होते.