रंभाचा थायरॉईड

सगळं जग रिपोर्ट चांगला यावा म्हणून जीव मुठीत धरून बसतं. मी मात्र आमच्या घोडीच्या रक्तात काहीतरी खोट निघावी म्हणून बसले होते. लोकांनी मला खुळी म्हटलं तरी चालेल, पण आधी ऐका.

रंभा आमची लग्नातली घोडी. पडेगावला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचा मुक्काम. ढोल वाजला की पुढचा पाय असा उचलते, की नवरदेव एका हातानं फेटा धरतो आणि दुसऱ्या हातानं जीव. गेल्या हंगामात क्रांती चौकातल्या वरातीत तिच्या मागच्या पायाला पत्रा लागला आणि जखम चिघळली. जनावरांच्या डॉक्टर तनुजा मॅडमनी दुखणं कमी व्हायचं औषध दिलं आणि सल्फाच्या अँटिबायोटिक गोळ्या सुरू केल्या. पहिलीच गोळी रंभानं माझ्या पदरावर थुंकली, इतकी ती जहर. माझं नाव कडूबाई, पण त्या गोळीपुढं मी म्हणजे साखरच. मग मी गोळ्या कुटून गुळात कालवायला लागले. तेव्हा कुठं बाईसाहेबांनी तोंड उघडलं.

जखम भरली, औषधं संपली, पण रंभा बदलली. मान खाली घालून दिवसभर उभी. अंगानं सुटली. शेजारच्या गल्लीत ढोल वाजला तरी कान हलेना.

आमचे मालक रामकिसन कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आळशी झाली ही. नुसतं खाती अन् उभी राहती. सिल्लोडचं एक गिऱ्हाईक मागं लागलंय, देऊन टाकतो."

रंभा जाणार हे तर मला नकोच होतं. पण 'आळशी' या शब्दानं माझं डोकंच फिरलं. कारण हाच शब्द याच अंगणात याच माणसानं मलाही म्हटलेला. तेव्हा मला बसल्या जागी झोप लागायची, अंगावर सूज यायची, केस मूठमूठ गळायचे. मी रडत काम करायची आणि हे म्हणायचे, "आळस भरलाय अंगात." शेवटी माहेरच्यांनी मला दवाखान्यात नेलं आणि थायरॉईड निघाला. तेव्हापासून मी रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. त्यावर तासभर काही चालत नाही, म्हणून मग चहासाठी ताटकळत बसते. हे माझ्यासमोर बशीत ओतून फुर्रर्र करत चहा पितात. पण तो शब्द काही त्यांनी कधी परत घेतला नाही.

मी तनुजा मॅडमना फोन लावला. "मॅडम, त्या गोळ्यांनी रंभाला थायरॉईड झाला नसंल ना?"

"काकू, कुत्र्यांमध्ये सल्फानं तसं होतं. घोड्यांमध्ये सहसा दिसत नाही."

"आमची घोडी सहसातली नाय."

त्या हसल्या. म्हणाल्या, आजारपणात किंवा दुखण्याच्या औषधांवर रक्त तपासलं तर आकडा उगाच खाली दिसतो. औषधं बंद होऊन बरेच दिवस झालेत, आता तपासायला हरकत नाही.

रक्त तपासायला गेलं तसं मालकांनी जाहीर केलं, "थायराड निघाला तर घोडी ऱ्हाईल. नाय निघाला तर सिल्लोड."

मी पैज घेतली. मनातून मला पक्कं ठाऊक होतं, की रंभा माझ्यासारखीच आहे. तिचा थायरॉईड निघाला असता, तर आम्हा दोघींवरचा डाग पुसला गेला असता.

चार-पाच दिवसांनी तनुजा मॅडम स्वतः आल्या. शेडमध्ये शिरताच म्हणाल्या, "अभिनंदन! थायरॉईड एकदम ठणठणीत."

मी कपाळावर हात मारला. मालकांनी मिशीला पीळ दिला. "बघ! मी काय म्हणत व्हतो? आळशीच निघाली!"

तेवढ्यात रंभानं मान खाली घातली, केविलवाणा चेहरा केला आणि सरळ मालकांच्या सदऱ्याच्या खिशात तोंड घातलं. खिसा टरकन फाटला आणि गुळाचा हा एवढा खडा जमिनीवर पडला. रंभानं तो मटकावला.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "काकू, गोळ्या संपल्यावर गूळ बंद केला होता ना?"

"तोंडाचा कडूपणा जावा म्हणून… थोडा थोडा देत व्हते," मी पुटपुटले.

"आणि काका?"

मालक छताचा पत्रा न्याहाळायला लागले. "मान खाली घालून उभी ऱ्हायची वो. बघवत नव्हतं."

"म्हणजे दोन्हीकडून खुराक! मान खाली घातली की गूळ मिळतो, हे तिला कळलंय. ती नाटक करते आहे. गूळ बंद करा, रोज फिरवा."

मॅडम गेल्या. मी मालकांसमोर उभी राहिले. "विकायला निघालेल्या घोडीला चोरून गूळ? दिवसा आळशी म्हणायचं अन् माझी पाठ फिरली की लाड?"

ते फाटका खिसा चाचपत बाहेर गेले आणि सिल्लोडच्या माणसाला फोनवर ओरडून सांगितलं, "घोडी विकायची नाय!"

गूळ बंद झाला तशी रंभा आठवडाभर रुसली. मग एका सकाळी गल्लीतून हळदीचा ढोल गेला आणि शेडमध्ये टाप आपटली. मी नुकतीच गोळी घेऊन पायरीवर बसले होते. मालक चहाचा कप घेऊन उभे होते. रंभा पाय उचलून अशी नाचत होती, जणू कधी मान खाली घातलीच नव्हती.

"लई आळशी हाय ही," मालक तिच्याकडं बघत म्हणाले. मी तोंड उघडणार, तोच ते खालच्या आवाजात म्हणाले, "तू नव्हतीस."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी कपावर बशी झाकली आणि माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसले. माझी चहाची वेळ होईपर्यंत त्यांनी एक घोटही घेतला नाही.