पन्नास यार्डांच्या रेषेवर मार्लिस

शनिवार, ४ ऑगस्ट १९७३, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. स्पर्धेच्या गावातल्या शाळेमागच्या मैदानावर ब्रॅमवेल ग्रेनेडियर्स या बिगूल-ढोल पथकाची चौसष्ट मुलेमुली सरावासाठी उभी होती: छत्तीस बिगूल, सतरा ढोल, दहा झेंडे आणि पुढे हातांनी ताल देणारा एक. एमिल वोंद्राचेक यांनी सवयीप्रमाणे ती मोजली आणि मगच स्पर्धेची नवी छापील पत्रिका उघडली. सातव्या पानावर ब्रॅमवेलचे नाव होते आणि त्याखाली एक ओळ: ‘बिगूल सोलो – ग्रेगरी हॅलोरन.’

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एमिल त्रेसष्ट वर्षांचे होते. मिलवॉकीच्या तंत्रविद्यालयात साचेकाम शिकून एकतीस वर्षे त्यांनी कारखान्यात साचे घडवले आणि सव्वीस उन्हाळे या पथकाचे बिगूल शिकवले. मैदानावरच्या हालचालींचे नकाशेही आलेखाच्या कागदावर तेच काढत. प्रत्येक वादकाला एक आकडा, दोन पांढऱ्या रेषांमध्ये आठ पावले. अशा माणसाला खोटे माप सहन होत नाही, आणि ही ओळ म्हणजे धडधडीत खोटे माप होते.

सोलो वाजवत होती मार्लिस ड्वोराक. वाटाण्याच्या कारखान्यात पाळी संपली की रिकाम्या शीतगृहात उभे राहून तिने तो दोन वर्षे घोटला होता. सप्टेंबरात तिला एकविसावे संपून बाविसावे लागणार होते, म्हणजे नियमाप्रमाणे हा तिचा शेवटचा उन्हाळा. पण दहा दिवसांपासून ती मोठ्या ढोलांच्या मागे, प्रेक्षकांकडे पाठ करून सोलो वाजवी, आणि पुढे मैदानाच्या मधोमध, पन्नास यार्डांच्या रेषेवर ग्रेग हॅलोरन नुसता ओठांना बिगूल लावून उभा राही. ग्रेगचे वडील वॉल्टर हे पथक पोसणाऱ्या माजी सैनिकांच्या संघाचे अध्यक्ष. बसगाड्या त्यांच्याच.

“नॉर्ब, हे काय छापलंयस?” एमिल यांनी पत्रिका व्यवस्थापक नॉर्ब कीफरच्या छातीशी धरली.

“हळू बोल ना, एमिल. पोरं ऐकतायत.”

“ऐकू देत की! मागे लपवून वाजवायचं म्हणालास, तेव्हा दहा दिवस मी गिळलं. म्हटलं, निदान नाव तरी खरं येईल. आता नावही चोरलंस?”

“चोरलं काय! वॉल्टरची हौस आहे बिचाऱ्याची. आणि तीन गाड्या कोणाच्या आहेत? तुझ्या पाठुंगळीवर बसून आलो असतो का आपण?”

“लोक गुण विसरतात, नॉर्ब. एकोणपन्नास साली पहिलं कोण आलं ते तुला सांगता येईल? नाही ना? पण त्या साली सोलो कोणी वाजवला ते?”

“हार्वे प्रुइट,” नॉर्बच्या तोंडून निघून गेले.

“बघ! चोवीस वर्षं झाली. त्या पोरीला आयुष्यात हे एवढंच मिळणार आहे, आणि ते तू गाडीच्या भाड्यात देऊन टाकलंस.”

“मला व्यवस्थापकांच्या बैठकीला जायचंय,” नॉर्ब टोपी चढवत म्हणाला. “दोन वाजता येतो. वॉल्टर जेवायला घेऊन जाणार आहे. तू तुझे बिगूल सांभाळ, एमिल. पत्रिका माझ्याकडे सोड.”

तो गेल्यावर एमिल लाकडी बाकावर बसले. मार्लिसला नुसते पुढे चालत ये म्हणणे सोपे होते. पण मैदानावर परीक्षक गुण टिपायच्या फळ्या घेऊन वादकांच्या मध्येच फिरत. ओळ सोडून पडलेल्या प्रत्येक पावलाला एक खूण, आणि प्रत्येक खुणेला एक दशांश गुण वजा. ढोलांमागून पुढच्या रेषेपर्यंत चव्वेचाळीस पावले होती. म्हणजे जवळजवळ साडेचार गुणांची माती. तिला पुढे आणायचे, तर नकाशानेच आणायला हवे होते.

त्यांनी कोरा आलेख काढला. सोलोच्या आधी अठ्ठेचाळीस मात्रा बिगुलांची मागची ओळ जागच्या जागी उभी असे. ती ओळ एका टोकाला बिजागरी धरून फाटकासारखी फिरवली, तर दुसरे टोक नेमके पन्नास यार्डांच्या रेषेवर येत होते. त्या टोकाला मार्लिसचा आकडा ठेवायचा. फक्त ढोलांना दोन्हीकडे दोन दोन पावले सरकून वाट द्यावी लागणार होती. पाऊण तासाने त्यांनी सगळ्यांना गवतावर बसवले आणि पत्रिकेतली ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

“आयला, चुना लावला!” ढोलवाल्यांतून कोणीतरी म्हणाले.

“ऐका. नवी चाल आहे. अडीच तासांत बसवायची. चुकाल. चुकलात तर रात्रीची अंतिम फेरी हुकेल. आठच पथकं जातात. म्हणून मी हुकूम करत नाही, विचारतोय. आधी ग्रेग. तुला पुढे बिगूल खाली धरून सावधान उभं राहावं लागेल.”

ग्रेगचे कान लाल झाले. “मिस्टर व्ही, मला सोलोची तिसरी ओळ येतसुद्धा नाही. शाळेतले मला मुका ग्रामोफोन म्हणतात. बाबा जीव घेतील माझा, पण... राहीन उभा.”

“अरे, उभं राहण्यात तर तू पटाईतच आहेस!” एका मुलीने टोला मारला. तोही हसला.

“हात वर करा.”

एमिल यांनी दोनदा मोजले. एकसष्ट. ग्रेगचा हात होता. खाली राहिलेल्या तिघांत एक मार्लिस होती.

“का गं?”

“माझ्या एकटीपायी एवढ्यांची अंतिम फेरी घालवू? मला नको असलं मिरवणं. मागूनही सूर तोच येतो, मिस्टर व्ही.”

“सूर तोच येतो, आणि श्रेय उपटतो दुसरा!” एमिल यांचा आवाज चिरकला. “तू उदार हो हवी तेवढी. तुझ्या उदारपणावर त्यांनी दुकान थाटलंय, ते मला बघवत नाही. एकसष्ट जण म्हणतायत ये पुढे. आता ये.”

ती उठली आणि ओळीच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी ब्रॅमवेल मैदानात उतरले. वरच्या बाकांवर नॉर्ब आणि वॉल्टर शेजारी बसले होते. ठरल्या मात्रेला फाटक फिरू लागले. मधले तिघे मागे पडले, ओळ वाकली. डावीकडचा एक ढोलवाला उलट्या पायाने सरकला आणि त्याच्यामागचे दोघे अडखळले. जवळच्या परीक्षकाची पेन्सिल चालू लागली. बाजूच्या रेषेबाहेरून एमिल एकेक चूक बोटांवर घेत होते. नऊ. म्हणजे नऊ दशांश गुण.

मग पन्नास यार्डांवर मार्लिसने तोंड प्रेक्षकांकडे केले. तिच्या डाव्या हाताला ग्रेग बिगूल खाली धरून ताठ उभा होता. पहिला सूर तिने इतका हलका सोडला की शेंगदाणे विकणाराही थांबला. दुसरी ओळ चढली. तिसरीत, जिथे श्वास घ्यायला जागाच नाही, तिथे तिने तो घेतला नाही. वाद्यांचा परीक्षक तिच्यापासून दोन हातांवर येऊन कान लावून उभा राहिला. फळी त्याच्या पोटाशी तशीच राहिली. शेवटचा उंच सूर तिने धरला आणि धरून ठेवला, आणि लोक तो संपायच्या आतच उभे राहिले.

वॉल्टर हॅलोरन मात्र बसूनच होते.

बाहेरच्या फाटकाशी नॉर्बने एमिल यांना गाठले. “तू आजपासून पथकात नाहीस! चौसष्ट पोरांचं वाटोळं केलंस एका पोरीसाठी!”

“वाटोळं तू छापून आणलंस सकाळी. मी ते खोडलं. पोरांना विचारून खोडलं. तू कोणाला विचारलं होतंस, तेवढं सांग.”

“गाडीत तुला जागा नाही.”

“मग मलाही नाही,” ग्रेग म्हणाला. वडिलांच्या देखत म्हणाला, आणि एमिल यांच्या बाजूला येऊन उभा राहिला.

घामाने भिजलेली टोपी काखेत धरून मार्लिस भोंग्याकडे कान लावून होती. साडेपाचला निकाल आला.

आठवे पथक: ७३.४०. नववे, ब्रॅमवेल ग्रेनेडियर्स: ७३.१०.