शेवटचं आसन

"भुजंगासन सोडा... कपाळ टेकवा," मनीषा म्हणाली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे तिनं चौथ्यांदा पाहिलं. अकराला दहा कमी. आता मकरासन, आणि मग शवासन. ते नाव तिच्या तोंडून निघायला हवं होतं.

कॉलनीच्या सभागृहातला हा बायकांचा योगवर्ग ती नऊ वर्षं चालवत होती. महेशराव गेल्यावर अडीच महिन्यांनी आज पहिल्यांदा आली होती.

आणि नवरा गेला कसा, तेही सगळ्या वर्गाला ठाऊक. हा माणूस शवासनात दोन मिनिटं म्हणून स्वस्थ पडायचा नाही. पायाची बोटं हलव, नाक खाजव, मध्येच 'भाजी काय आज?' विचार. त्या सकाळी मात्र घरच्या चटईवर अगदी निवांत. मनीषाला केवढं कौतुक वाटलं! "आज जमलं हो तुम्हाला," असं हळूच म्हणून ती पोहे भिजवायला गेली. वीस मिनिटांनी बशी घेऊन आली, तेव्हा हात गार लागला. लगेच कळलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला?

मकरासन संपलं. "आता..." मनीषानं पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

तेवढ्यात सगळ्या बायका उठून चटया गुंडाळू लागल्या. एकदम, ठरवून आल्यासारख्या.

"कुठे निघालात?"

"झालं की, मॅडम," शाळेत शिकवणारी प्रतिभा नजर चुकवत म्हणाली. "आम्ही ठरवलंय, ते शेवटचं नकोच आता. कधीच नको."

मनीषाच्या अंगाचा तिळपापड झाला. "नऊ वर्षं घसा फोडून सांगतेय, शेवटी पडल्याशिवाय उठायचं नाही. आणि आज माझी कीव करता? टाका चटया खाली!"

बायका मुकाट्यानं पडल्या, डोळे मिटले. समोर पंधरा जणी निपचित, आणि मनीषाची नजर एकेकीच्या पोटाकडे धावत होती. हिचं हलतंय. हिचं हलतंय. प्रतिभाचं हलेना. मनीषानं धावत जाऊन तिला गदागदा हलवलं. "ऊठ! प्रतिभा, ऊठ आधी!"

प्रतिभा दचकून उठून बसली. सगळ्याच बसल्या.

शेवटी गोजराबाई उठल्या. मखमलाबादच्या, सकाळी फुलबाजारात झेंडू देऊन मग वर्गाला यायच्या. त्यांनी मनीषाचा हात धरून तिला स्वतःच्या चटईपाशी आणलं.

"तू पड, पोरी. आमी समद्या जाग्या हाये."

"मला नाही जमणार हो, मावशी. डोळे मिटले की तेच दिसतं."

"मग नको मिटू. उघडे ठिव. कोन इचारतंय?"

मनीषा पडली. गोजराबाई तिच्या उशाशी बसल्या. नऊ वर्षांतलं जेवढं आठवलं तेवढं सांगू लागल्या, "पाय ढिले सोड. हात ढिले सोड. छाती जड हाय? राहू दे जड. तिला नाय सोडायचं आज."

मनीषाच्या डोळ्यांतलं पाणी कानांत उतरलं. तिनं ते पुसलं नाही. कितीतरी दिवसांनी तिचा श्वास पोटापर्यंत गेला.

अकराला भजनी मंडळाच्या बायका टाळ घेऊन दारात आल्या. प्रतिभानं ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी टाळ वाजू नयेत म्हणून पदरात गुंडाळले आणि त्या बाहेर पायरीवर बसून राहिल्या.