एका सेल्फमध्ये चालू होणारा ट्रक

“उणे चाळीस असू दे, नाहीतर उणे पन्नास! माझा ट्रक एका सेल्फमध्ये चालू होतो. एकतीस वर्षं झाली, दुसरा सेल्फ मारावा लागलेला नाही. गाडी कशी ठेवायची हे ज्याला कळतं ना, त्याचं थंडी काही वाकडं करत नाही.”

हे मी मंगळवारी मेव्हिसच्या कॅफेत बोललो. लांब टेबलाशी बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात. तोवर निम्मा डिसेंबर सरला तरी यंदा थंडीचा पत्ता नव्हता, त्यामुळे बोलायला काही खर्च नव्हता.

बुधवारी सकाळी उणे तेहतीस होतं. मी ऐटीत चावी फिरवली. ट्रक म्हणाला, “उं... उं... उं...” आणि गप्प बसला. गुडघे धरलेला माणूस खुर्चीतून उठायचा विचार करतो आणि मग राहू दे म्हणतो ना, तसा.

अकराव्या सेल्फला सुरू झाला. चौदा किलोमीटर कापून कॅफेत पोचलो तर साडेदहा. कॅनडातल्या आमच्या ह्या सस्कॅचेवानात सकाळची कॉफी नऊला बसते आणि दहाला उठते, त्यात देव आला तरी बदल नाही. टेबलावर आठ रिकामे कप आणि कुणीतरी कडा कुरतडून सोडलेला टोस्ट. मेव्हिस फडकं मारत होती.

“काय प्रोकोप, एका सेल्फमध्ये आलास वाटतं?”

“बॅटरी जरा बसलीय.”

“रात्री प्लग लावतोस ना रे इंजिनाच्या हीटरला?”

“मेव्हिस, मला तू प्लग लावायला शिकवतेस? रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला लावतो!”

आणि खरंच लावत होतो. ट्रकच्या नाकातून लोंबणारी वायर शेडच्या भिंतीवरच्या पॉइंटात खुपसायची, की रात्रभर इंजिन ऊबदार राहतं. इथं पोरं चालायच्या आधी हे शिकतात.

ओरिस्या, म्हणजे माझी बायको, ऑक्टोबरात गेली. तेव्हापासून नऊ ते दहा हा एकच तास मी माणसांशी बोलतो. उरलेले तेवीस तास फ्रीज बोलतो आणि मी ऐकतो. म्हणून ट्रक दहाच्या आत पोचणं भाग होतं.

त्या संध्याकाळी बॅटरी काढून घरात आणली. थंडीनं तिचा जीव जातो, ऊब मिळाली की धरते. खाली फरशी गार, म्हणून तिला समोरच्या खुर्चीत बसवलं. ओरिस्याच्या. दोघं जेवलो. बॅटरी काही बोलली नाही, पण सूप खारट झालंय असंही म्हणाली नाही. सकाळी बघतो तर पँटला मांडीवर नाण्याएवढं भोक. बॅटरी उचलून आणताना ॲसिड सांडलं होतं. अंत्यविधीला घातलेली ती एकमेव बरी पँट.

ऊब मिळालेली बॅटरी बसवली. “उं... उं...”

म्हणजे ऑइल. जुनं ऑइल थंडीत घट्ट होतं, इंजिन फिरणार कसं? मी खाली शिरून तळाचं बूच काढलं. ऑइल काकवीसारखं, आठवण झाली की एक थेंब, असं पडायला लागलं. हात बधिर झाले म्हणून आत गेलो, चहा घेतला, तासाभरानं येऊन पातळ नवं ऑइल ओतलं. पाच लिटर. ओतून झाल्यावर रुमाल काढायला खिशात हात घातला, तर हाताला बूच लागलं. ट्रकखालच्या बर्फावर माझं पाच लिटर नवं ऑइल छान पसरलं होतं. शेडमध्ये आणखी एक डबा होता म्हणून निभावलं. कॉफी मात्र त्याही दिवशी गेली.

शुक्रवारी बॅटरीच्या वायरींची टोकं घासली. नट बारीक म्हणून हातमोजा काढला, तर पाना तळहाताला चिकटला. पाना सुटला, थोडी कातडी त्याच्याकडेच राहिली. ट्रकनं तेही मनावर घेतलं नाही.

शनिवारी दुपारी अंगणात गाडी वाजली. एल्मर फेर. आमच्या टेबलावरचा सगळ्यात कमी बोलणारा माणूस.

“मेलास का ते बघायला आलो,” तो म्हणाला. “टेबलावर वासिल म्हणत होता, जिवंत असता तर बढाई मारायला आला असता.”

“स्टार्टर गेलाय बहुतेक.”

एल्मरनं बॉनेट उघडून इंजिनावर उघडा हात ठेवला आणि झटकन काढला. “हे तर मढ्यासारखं गार आहे.”

“प्लग लावलेलाच आहे कालपासून. बघ की!”

“प्लग आहे रे. त्या पॉइंटात वीज आहे का?” त्यानं आपल्या गाडीतला वायरवाला हातदिवा आणून पॉइंटात लावला. दिवा लागला नाही. “ह्याचं बटण कुठाय?”

“बटणबिटण नाही ह्याला.”

“वायरिंग कुणी केलं होतं?”

“ओरिस्याच्या भावानं.”

एल्मर बूट झटकून थेट स्वयंपाकघरात. मागच्या दाराशी तीन बटणं. पहिलं अंगणाच्या दिव्याचं, दुसरं पायरीच्या.

“आणि हे?”

“ते कशाचंच नाही. ओरिस्या रोज संध्याकाळी चालू करायची. मी विचारायचो, कशाला गं? तर म्हणायची, असू दे. ती गेल्यावर मी उगाच चालू असलेलं सगळं बंद केलं.”

एल्मरनं बटण दाबलं. खिडकीतून दिसलं, बाहेर ट्रकपाशी हातदिवा लागला.

एल्मर म्हणाला, “एकतीस वर्षं,” आणि बरणीतली शेवटची खारवलेली काकडी खाऊन निघून गेला. ओरिस्यानं घातलेली ती शेवटची बरणी होती.

सोमवारी एका सेल्फमध्ये चालू. नऊला पाच कमी असताना मी कॅफेसमोर. थंडीत सगळे ठेवतात तसा ट्रक चालूच ठेवून आत गेलो, आणि सगळं सांगितलं. खिशातल्या बुचासकट.

“म्हणजे ट्रक ओरिस्या चालू करायची,” वासिल म्हणाला, “आणि तू नुसता बसून जायचास!” सगळे खोकला येईपर्यंत हसले. मीही हसलो. दहा वाजले तरी कुणी उठेना. सव्वादहा झाले.

परतताना काचांवर बर्फाची नक्षी होती, आत मस्त ऊब होती. वाटभर मी ओरिस्याशी मोठ्यानं बोललो. माफी मागितली, काकडीचं सांगितलं, थोडा रडलोही. इतका सुरेख ट्रक माझा कधी चालला नव्हता.

घरी उतरून वायर लावायला वाकलो, तर नाकातून लोंबणारी वायर पिवळी. माझी काळी. वासिलनं आणि मी एकाच वर्षी, एकाच दुकानातून, एकाच तपकिरी रंगाचे ट्रक घेतले होते. मागच्या सीटवर वासिलचा कुत्रा बसला होता.